टॉवरला माहीत नसलेले विमान

परभणी जिल्ह्याला विमानतळ नाही. विमान पकडायचे तर नांदेडला जायचे, नाहीतर छत्रपती संभाजीनगरला किंवा थेट हैदराबादला. त्यामुळे सेलूच्या किंवा मानवतच्या एखाद्या मुलाने हौसेने ड्रोन घेतला, की विमानतळाजवळच्या उड्डाणांचे नियम त्याला मुंबई-पुण्याच्या लोकांपुरते वाटतात. नकाशा उघडून पाहिला तर त्याचे वाटणे बरेचसे खरेही ठरते. विमानतळाला जिल्ह्याची सर्वांत जवळची बाजू म्हणजे पूर्णा तालुका. पूर्णा शहरापासून नांदेडचा श्री गुरू गोबिंद सिंगजी विमानतळ सरळ रेषेत मोजला तर तीस किलोमीटरच्या थोडा आत येतो. आजच्या नियमांत विमानतळाभोवतीचे वर्तुळ बारा किलोमीटरवर संपते. म्हणजे पूर्णा शहर बाहेर, परभणी तर फारच बाहेर. तालुक्याच्या पूर्वेकडच्या, नांदेडच्या शिवेला लागलेल्या गावांनी तेवढे नकाशावर नीट पाहून घ्यावे.

पण हे वर्तुळ नेहमी एवढे लहान नव्हते. ऑक्टोबर २०१४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नियम तयार होईपर्यंत ड्रोनचा खासगी वापर सरसकट थांबवला होता. १ डिसेंबर २०१८ पासून पहिली नियमावली लागू झाली, मार्च २०२१ मध्ये दुसरी आली आणि ती इतकी किचकट ठरली की पाच महिन्यांतच बदलावी लागली. २५ ऑगस्ट २०२१ ची ‘ड्रोन नियमावली’ ती हीच. आज जे काही चालते ते दुरुस्त्यांसह तिच्यावरच. या बदलात विमानतळाभोवतीचा, परवानगी लागणारा पिवळा पट्टा ४५ किलोमीटरवरून १२ किलोमीटरवर आणला गेला. पंचेचाळीस किलोमीटरच्या हिशेबाने पूर्णा शहर वर्तुळात आले असते. तिथल्या मुलाला आपल्या घराच्या गच्चीवरून पतंगाच्या उंचीला ड्रोन न्यायचा तरी परवानगी लागली असती. आज लागत नाही. ही मोठी सूट आहे, आणि सूट कोणत्या हिशेबावर दिली गेली हे कळले तर ती वापरावी कशी हेही कळते.

नियमाप्रमाणे आकाशाचे तीन रंग केले आहेत. हिरव्या पट्ट्यात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण १२० मीटरपर्यंत, उडवायला कोणाची पूर्वपरवानगी लागत नाही. चारशे फुटांच्या वर गेलात की खाली जमीन हिरवी असली तरी वरचे आकाश पिवळे होते. पिवळ्यात जायचे तर त्या भागातल्या हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, म्हणजे बोलीत ज्याला आपण ‘टॉवर’ म्हणतो त्याची, परवानगी हवी. लाल पट्ट्यात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल नाही. विमानतळाजवळ हे रंग एकात एक बसवलेल्या वर्तुळांसारखे येतात. विमानतळाच्या कुंपणापासून आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवे, त्यावर पिवळे. पाच ते आठ किलोमीटरमध्ये थेट जमिनीपासूनच पिवळे. त्याच्या आत लाल. अंतर मोजायचे ते धावपट्टीपासून नव्हे, विमानतळाच्या हद्दीपासून. नांदेड शहरात राहणारा परभणीकर सुट्टीत गावाकडे येतो तेव्हा त्याचा ड्रोन मोकळा असतो आणि परत गेला की त्याच ड्रोनवर निर्बंध येतात, ते यामुळे.

हे आकडे कुणाच्या मनाला आले म्हणून ठरलेले नाहीत. धावपट्टीवर उतरणारे विमान साधारण तीन अंशांच्या उताराने खाली येते. हा कोन जगभर जवळपास सारखाच असतो. थोडी त्रिकोणमिती केली की चित्र स्पष्ट होते. चाके टेकण्याच्या जागेपासून बारा किलोमीटरवर असताना विमान सुमारे २,००० फुटांवर असते. आठ किलोमीटरवर सुमारे १,४००, पाच किलोमीटरवर साडेआठशेच्या आसपास, आणि सव्वादोन किलोमीटरवर अवघे ४००. आता विमान वाहतुकीतला आणखी एक आकडा शेजारी ठेवा. एकाच जागेवरून जाणाऱ्या दोन विमानांमध्ये उंचीचे अंतर किमान १,००० फूट ठेवायचे असा नेहमीचा दंडक आहे. आठ किलोमीटरवर ड्रोनला २०० फूट दिले तर वरून जाणाऱ्या विमानाशी १,२०० फुटांचे अंतर उरते. पाच किलोमीटरवर ड्रोन चारशे फुटांवर गेला तर उरतात साडेचारशे. नियम लिहिणाऱ्यांनी अगदी हाच हिशेब मांडला असेल असे मी म्हणणार नाही, पण मला तरी हे आकडे या हिशेबाने पटतात.

त्यातही तीन अंशांचा उतार हा सगळे सुरळीत असतानाचा. कधी धावपट्टीवर अडथळा असतो म्हणून वैमानिक उतरता उतरता पुन्हा वर चढतो. कधी एक इंजिन बंद पडलेले विमान नेहमीपेक्षा संथ चढते. कधी हेलिकॉप्टर कुठल्याच ठरलेल्या उताराने न येता शेतांवरून खालून येते. आणि ड्रोनला चारशे फूट चढायला अर्धे मिनिटही पुरते. नियमातली शिल्लक या सगळ्यांसाठी आहे.

तरीही मला वाटते, या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट किलोमीटर आणि फूट ही नाही. टॉवरमध्ये बसलेली व्यक्ती काम कसे करते हे समजले तर बाकीचे आपोआप समजते. हवाई वाहतूक नियंत्रक विमाने चालवत नाही. तो त्यांच्यातले अंतर राखतो. कुठले विमान कुठे आहे, कोणत्या उंचीवर आहे, पुढे कुठे जाणार आहे, याचे चित्र तो सतत डोक्यात आणि समोरच्या नोंदींच्या पट्ट्यांवर धरून असतो. हे चित्र भरते तीन वाटांनी. वैमानिक रेडिओवर सांगतो, विमानातला ट्रान्सपाँडर आपोआप उत्तर देतो, आणि काचेतून जे दिसते ते दिसते. मोठ्या विमानतळांवर रडार असते. अनेक लहान ठिकाणी नसते, तिथे तर वैमानिकाचे सांगणे हाच मुख्य आधार. हौसेच्या ड्रोनला ट्रान्सपाँडर नसतो, तो उडवणारा टॉवरशी रेडिओवर बोलत नाही, प्लॅस्टिकचे एवढेसे अंग जुन्या रडारला धड दिसत नाही, आणि काही किलोमीटरवरून काचेतून तो दिसणे अशक्यच. पूर्णा जंक्शनच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको: पुढचा टप्पा रिकामा आहे याची खात्री असल्याशिवाय स्टेशन मास्तर गाडीला लाइन क्लिअर देत नाही. न कळवता वर गेलेला ड्रोन असल्यावर नियंत्रक ज्या आकाशाला रिकामे समजून विमानाला पुढे या म्हणतो, ते रिकामे नसते.

वैमानिकाला दिसेल आणि तो चुकवेल, असे काहींना वाटते. नांदेडला येणारी स्टार एअरची एम्ब्रेअर १७५ सारखी विमाने उतरताना ताशी सुमारे २३० ते २४० किलोमीटर वेगाने येतात. सेकंदाला साधारण ६५ मीटर. वीतभर, दीड वीत रुंदीचा करडा ड्रोन ढगाच्या पार्श्वभूमीवर तीनशे मीटरवरून दिसला असे धरले, तरी हातात पाच सेकंदही नाहीत. उतरण्याच्या त्या मिनिटात वैमानिकाची नजर धावपट्टी, वेग आणि उतार यांच्यावर खिळलेली असते. म्हणून नियम सांगतो की वाट नेहमी माणसे बसलेल्या विमानाची. बाजूला व्हायचे ते ड्रोनने.

टक्कर झाली तर काय होते? पक्षी विमानांना धडकतातच, मग ड्रोनचे एवढे काय, हा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या डेटन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये सुमारे एक किलोचा ड्रोन लहान विमानाच्या पंखावर ताशी ३८० किलोमीटरच्या आसपास वेगाने डागून पाहिला. पंखाची पुढची कड फोडून तो आत घुसला आणि मुख्य तुळईपर्यंत पोहोचला. तेवढ्याच वजनाच्या, पक्ष्यासारख्या मऊ गोळ्याने पृष्ठभाग जास्त फाटला पण आतली इजा कमी झाली. ड्रोन बनवणाऱ्या कंपनीने आक्षेप घेतला की प्रयोगातला वेग प्रत्यक्षापेक्षा जास्त होता. आक्षेपात तथ्य आहे. पण पक्ष्याचे शरीर मुख्यतः पाणी आणि मांस, तर ड्रोनमध्ये तांब्याच्या गुंडाळ्यांच्या मोटारी, पोलादी दांडे आणि लिथियमची बॅटरी, हा फरक वेग कमी केल्याने नाहीसा होत नाही.

प्रयोगशाळेबाहेरची उदाहरणेही आहेत. २१ सप्टेंबर २०१७ च्या संध्याकाळी न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडजवळ अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला हौसेचा फँटम ड्रोन धडकला. हेलिकॉप्टरच्या पात्याला खोच पडली, ड्रोनची एक मोटार यंत्राच्या अंगात अडकून राहिली, आणि हेलिकॉप्टर सुखरूप उतरले. त्या मोटारीवरून तपास करणारे मालकापर्यंत पोहोचले तेव्हा कळले की टक्कर झाली आहे हे त्याला ठाऊकच नव्हते. ड्रोन परत आला नाही, कुठेतरी पाण्यात पडला असेल, एवढेच तो समजत होता. त्याने ड्रोन नजरेच्या पलीकडे तीन-चार किलोमीटर दूर नेला होता. त्या दिवशी त्या आकाशात तात्पुरती बंदी होती, याचाही त्याला पत्ता नव्हता. नुकसान करायची इच्छा असलेला हा माणूस नव्हे. तुमच्या-माझ्यासारखाच हौशी. म्हणूनच मला हे प्रकरण बाकी सगळ्यांपेक्षा जास्त बोलके वाटते.

दुसरे उदाहरण वजनाबद्दलचा गैरसमज दूर करते. आपल्याकडे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ वर्गात येतो, त्यापुढे दोन किलोपर्यंत ‘मायक्रो’, पंचवीस किलोपर्यंत ‘स्मॉल’. नॅनोला बऱ्याच सवलती आहेत, त्यामुळे खेळण्यातला म्हणून तो कुठेही उडवता येतो अशी समजूत पसरली आहे. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ वणवे पेटले असताना पाणी टाकणाऱ्या कॅनडाच्या विमानाच्या पंखाला ड्रोनने भोक पाडले आणि आग भडकलेली असताना ते विमान काही दिवस जमिनीवर अडकले. तो ड्रोन याच हलक्या वर्गातला होता. सवलत आहे ती कागदपत्रांची. आकाशाचे रंग नॅनोलाही तेवढेच लागू आहेत.

टक्कर झालीच पाहिजे असेही नाही. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ ड्रोन दिसल्याच्या वर्दीवरून नाताळच्या गर्दीत दीड दिवस उड्डाणे कोलमडली. सुमारे एक हजार उड्डाणे आणि लाखाहून अधिक प्रवासी अडकले. ड्रोन कोणाचा होता, हे शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ ला इम्फाळच्या विमानतळावर अनोळखी उडती वस्तू दिसली म्हणून काही तास हवाई क्षेत्र बंद ठेवावे लागले, येणारी विमाने वळवली गेली, आणि शोधासाठी हवाई दलाने राफेल विमाने पाठवली. दोन्हीकडे अडचण एकच होती. आकाशात काय आहे, कोणाचे आहे, किती वेळ राहणार आहे, हे सांगणारे कोणी नव्हते. माहीत नाही म्हटल्यावर नियंत्रकाला सर्वांत वाईट तेच गृहीत धरावे लागते.

टॉवरला कळवायचे म्हणजे नेमके काय करायचे, यावर वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळे प्रयोग केले. अमेरिकेत २०१२ च्या कायद्याने हौशी लोकांना सांगितले होते की विमानतळापासून पाच मैलांच्या आत उडवणार असाल तर विमानतळ चालवणाऱ्याला आणि टॉवरला आधी कळवा. बहुधा फोनने. ही परवानगी नव्हती, नुसती वर्दी. रिमोटवरची खेळण्यातली विमाने ठरलेल्या मैदानांवर उडवणाऱ्या क्लबांपुरती ही पद्धत ठीक होती. घरोघरी ड्रोन आले तेव्हा ती तुटली. विमाने उतरवायची की फोन घ्यायचे, असा प्रसंग टॉवरवर येऊ लागला. २०१८ मध्ये कायदा बदलला, वर्दीच्या जागी पूर्वपरवानगी आली, आणि २०१९ पासून हौशी लोकांनाही ती मोबाइलवरून मिळू लागली. नियंत्रकांनी आधीच विमानतळाभोवतीच्या आकाशाचे चौकोन पाडून प्रत्येकात किती फुटांपर्यंत चालेल ते लिहून ठेवले. तुमची मागणी त्या आकड्याच्या आत असेल तर यंत्रणा क्षणात होकार देते आणि टॉवरला त्याची नोंद मिळते. भारताने फोनची पायरी गाळून थेट नकाशा धरला. ‘डिजिटल स्काय’चा रंगीत नकाशा सप्टेंबर २०२१ मध्ये खुला झाला. नोंदणीची बरीच कामे आता डीजीसीएच्या ‘ईजीसीए’ संकेतस्थळावर होतात. उड्डाणाआधी नकाशा पाहणे हे ऐच्छिक नाही. नियमाने ते चालकावर बंधनकारक आहे, कारण रंग बदलतात.

पिवळ्यात कोणाला विचारायचे, हे महाराष्ट्रात गावागणिक वेगळे आहे. परभणीचा मुलगा शिकायला पुण्याला जातो आणि बॅगेत ड्रोन नेतो तेव्हा हे कळणे गरजेचे असते. छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाण्याला टॉवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा. पुण्यात लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी विमाने तिथे उतरत असली तरी आकाश हवाई दलाच्या हातात. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स, आणि शेजारच्या गोव्यात दाबोळीला नौदल. शिवाय पुण्याभोवती लष्करी संस्था इतक्या आहेत की विमानतळाचे वर्तुळ सोडूनही लाल ठिपके उरतात. परभणीच्या मोकळ्या शिवारात लागलेली सवय तिथे पहिल्याच दिवशी अंगाशी येऊ शकते. दंडाची कमाल रक्कम एक लाख रुपये आहे, आणि लष्करी हद्दीचा प्रश्न आला तर गोष्ट दंडावर थांबत नाही.

हौस कुठे संपते, हाही एक मुद्दा आहे. दोन किलोपर्यंतचा ड्रोन स्वतःच्या आनंदासाठी उडवला तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. तोच ड्रोन पैसे घेऊन लग्नात उडवला तर ते व्यावसायिक काम होते, आणि नॅनो वर्गाच्या वर प्रमाणपत्र लागते. गंगाखेडच्या किंवा पाथरीच्या मंगल कार्यालयावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनच्या चालकाकडे ते आहे का, हे वऱ्हाडी मंडळींनी विचारायला हरकत नाही. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेतले प्रशिक्षण एवढेच हवे. ते दहा वर्षे चालते. फार मोठी अट नाही ती.

आता परभणीच्या आकाशाकडे परत येऊ. ते हिरवे आहे, पण रिकामे नाही. लांबच्या मार्गांची विमाने तीस हजार फुटांच्या वरून जातात, त्यांचा आणि ड्रोनचा संबंध नाही. संबंध येतो हेलिकॉप्टरांशी. मंत्र्यांचा दौरा असला की मैदानावर हेलिपॅड आखले जाते, निवडणुकीच्या दिवसांत तर एकाच आठवड्यात अनेकदा. चारशे फुटांच्या खाली प्रवासी विमान जिल्ह्यात कुठेच येत नाही, पण हेलिकॉप्टर येते, आणि ते नेमके तिथेच येते जिथे गर्दी आहे आणि गर्दीचे चित्रीकरण करायला ड्रोनवालाही आलेला आहे. अशा वेळी राज्य सरकार किंवा पोलीस त्या भागाला तात्पुरता लाल पट्टा जाहीर करू शकतात. काल हिरवे असलेले मैदान आज लाल असते. न्यूयॉर्कच्या त्या हौशी माणसाची चूक परभणीत घडायला विमानतळ असण्याची गरज नाही.

पुराच्या वेळी तर जास्तच जपायला हवे. मराठवाड्यात अतिवृष्टीचे प्रसंग आता वारंवार येत आहेत. सप्टेंबर २०२४ च्या सुरुवातीला परभणी आणि हिंगोली जिल्ह्यांत पाण्याने हाहाकार केला. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. गोदावरी किंवा दुधना पात्राबाहेर आली की पुराचे चित्र टिपायला ड्रोन वर जातात. त्या चित्रांचा उपयोगही होतो, पंचनाम्यांना, प्रशासनाला. पण बचावाचे हेलिकॉप्टर येणार असेल तर ड्रोन खाली हवा. लॉस एंजेलिसला जे पंखाला झाले ते इथे पात्याला झाले तर छतावर वाट पाहणाऱ्या कुटुंबाकडे कोणी पोहोचणार नाही. तहसील कार्यालयाला किंवा पोलीस ठाण्याला आधी विचारले, की कोणत्या भागात कधी उडवायचे नाही हे ते सांगतात. प्रशासनाने मदत म्हणून बोलावले तर मग सोन्याहून पिवळे.

एक तांत्रिक गोष्ट जिंतूरच्या मंडळींसाठी. जिल्हा बहुतेक सपाट आहे, पण जिंतूरकडे जमीन उंचसखल होते, डोंगर लागतात, येलदरीच्या जलाशयाकडे उतार आहेत. सामान्य ड्रोनच्या पडद्यावर दिसणारी उंची उड्डाणाच्या जागेपासून मोजलेली असते, खालच्या जमिनीपासून नव्हे. टेकडीवरून उडवून दरीवर नेला तर पडद्यावर १०० मीटर दिसत असताना प्रत्यक्षात ड्रोन जमिनीपासून १५० मीटरवर असू शकतो. नियम जमिनीपासूनची उंची मोजतो. म्हणजे चालकाला कळायच्या आत तो पिवळ्या आकाशात गेलेला असतो. ‘घरी परत’ या बटणाचेही तसेच. संपर्क तुटला की ड्रोन आधी ठरवलेल्या उंचीपर्यंत आपोआप चढतो आणि मग परततो. ती उंची किती ठेवली आहे, हे उडवण्याआधी पाहायचे असते. काही ड्रोनमध्ये विमानतळाजवळ उडूच न देणारे कुलूप असायचे. डीजेआय कंपनीने अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये ते काढून फक्त इशारा ठेवला. यंत्र थांबवेल या भरवशावर राहण्याचे दिवस गेले.

कळवण्याची गरज टॉवरपुरती नाही, हे मराठवाड्याने २०२४ च्या पावसाळ्यात पाहिले. बीड, जालना, छत्रपती संभाजीनगर आणि तिकडे पुणे, अहिल्यानगर भागातल्या गावांतून रात्री आकाशात ड्रोन फिरत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. चोर आधी टेहळणी करतात अशी बोलवा झाली, लोक रात्र रात्र जागले, विषय विधिमंडळापर्यंत गेला. त्या दिव्यांपैकी किती खरोखर ड्रोन होते हे सांगणे अवघड, कारण प्रवासी विमानाच्या पंखांच्या टोकांनाही डावीकडे लाल आणि उजवीकडे हिरवा दिवा असतो आणि अनेक ड्रोनलाही लाल-हिरवे दिवे असतात. दिवा एका दिशेने संथ सरळ जात असेल तर बहुधा उंचावरचे विमान. जागच्या जागी थांबला, झपकन वळला, तर ड्रोन. घाबरलेल्या गावाला आपला ड्रोन कळवला नसेल तर गोष्ट दगड भिरकावण्यापर्यंत जाते. सरपंचांना, पोलीस पाटलांना आणि जवळच्या ठाण्याला एक शब्द आधी टाकला तर हे टळते. नियमात हे लिहिलेले नाही, पण मी ते नियमाइतकेच महत्त्वाचे मानतो.

परभणीकडे या विषयात एक मोठी जमेची बाजू आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इथल्या कृषी विद्यापीठात, म्हणजे आजच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात, जागतिक बँकेच्या साह्याने चाललेल्या ‘नाहेप’ या कृषी उच्च शिक्षण प्रकल्पात यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने शेतीत आणण्याचे केंद्र उभे राहिले. सोयाबीन, कापूस आणि तुरीवर फवारणी करणारा ड्रोन पिकाच्या डोक्यावरून दोन-तीन मीटर उंचीने जातो, त्याचा विमानांना जवळजवळ धोका नाही. पण तो चालवणाऱ्यांना हवाई नियमांचे रीतसर शिक्षण मिळते. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत देशभरातल्या पंधरा हजार बचत गटांना ड्रोन देण्याचे ठरले, त्यातल्या महिलाही प्रशिक्षण घेऊनच चालक होतात. हिरवा-पिवळा-लाल म्हणजे काय हे जिल्ह्यात आज सर्वांत नीट सांगू शकतील त्या या शेतकरी चालक. शाळा-महाविद्यालयांनी आपल्या हौशी मुलांपुढे त्यांना उभे करावे, असे मला मनापासून वाटते. हौशी मुलाला शिकवायला आज कोणीच नाही. खोक्यातले पत्रक इंग्रजीत असते, आणि व्हिडिओ सांगतात ते फक्त चित्र सुंदर कसे येईल ते.

शेवटी, सगळे नीट केले तरी ड्रोन हातातून निसटू शकतो. वारा वाढतो, होकायंत्र बिघडते, आणि नांदेडजवळ उडवलेला ड्रोन विमानतळाच्या दिशेने निघतो. पहिली प्रतिक्रिया लपवण्याची होते. तसे करू नये. ११२ वर पोलिसांना आणि जमेल तितक्या लवकर विमानतळाला कळवावे, आणि कळवताना पाच गोष्टी सांगाव्यात: उडवला कुठून, शेवटचा दिसला तेव्हा कोणत्या दिशेला चालला होता, पडद्यावर शेवटची उंची किती होती, वजन किती, आणि बॅटरी किती मिनिटांची उरली होती. अपघात झाला तर ४८ तासांत डीजीसीएला कळवणेही नियमाने लागते. पाचांतली शेवटची गोष्ट नियंत्रकाच्या सर्वांत उपयोगाची असते. बॅटरी बारा मिनिटांची उरली होती हे कळले, तर येणारे विमान तेवढा वेळ वर घिरट्यात ठेवता येते, आणि मग धावपट्टी पुन्हा उघडता येते.